सगळं एका खोक्यात: लहान फिशटँक किटचं परीक्षण

मत्स्यपालनाच्या छंदात आज नव्याने येणारा माणूस बहुतेक वेळा एकाच वस्तूपासून सुरुवात करतो: २५-३० लिटरचं तयार किट. खोक्यात काचेची टाकी, झाकण, एलईडी दिवा, मागे लटकवायचा फिल्टर, लहान हीटर, रंगीत खड्यांची पिशवी, क्लोरीन घालवायच्या औषधाची बाटली आणि खाद्याची डबी असते. पुढचं परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या मालाचं नाही. या गटातल्या किटांची घडण इतकी सारखी असते की एकाबद्दल जे खरं ते बहुतेकांना लागू पडतं. थोडक्यात मत असं: टाकी आणि पंप घेण्यासारखे आहेत, दिवा चालतो, हीटरवर नजर ठेवावी लागते. फिल्टरचं कार्ट्रिज, खडे आणि खोक्यावरचं वेळापत्रक मात्र पहिल्याच दिवशी बदलावं.

हे किट इतकं चालतं त्याला कारण आहे. सिलिकॉनच्या सांध्यांची काच रुळण्याआधी टाकी म्हणजे धातूची चौकट आणि काच बसवायची लांबी (पुट्टी), म्हणजे गंज आणि गळती. सिलिकॉनमुळे चौकट गेली. पुढे एलईडीमुळे दिव्याची उष्णता आणि जाडी गेली आणि टाकी टेबलावर आली. त्याच काळात आवडही बदलली. जपानच्या ताकाशी आमानो यांनी (१९५४-२०१५) दगड, लाकूड आणि पाणवनस्पतींची रचना हाच टाकीचा मुख्य विषय केला. २००१ पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय रचना स्पर्धेमुळे ती दृष्टी जगभर पोचली. शेवाळ खाणारी कोळंबी टाकीत ठेवायची प्रथाही त्यांनीच लोकप्रिय केली. मोठ्या टाकीत मोठे मासे हा छंद मागे पडून लहान टाकी, दाट झाडं, दोन सेंटिमीटरचे मासे आणि कोळंबी असा छंद पुढे आला. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी त्यात मोठी भर घातली. त्यातल्या अनेक टाक्या नंतर रिकाम्या झाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच याच किटच्या असतात. आमच्या मते लोकांचा रस आटला हे त्याचं कारण मानू नये. मासे पहिल्या महिन्यात मेले की माणूस छंद सोडतो, आणि ते का मरतात हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

आधी टाकीचं बोलू. ४० × २५ × ३० सेंटिमीटर म्हणजे हिशोबाने ३० लिटर. पण पाणी काठापासून ३ सेंटिमीटर खाली ठेवायचं, तळाशी ४ सेंटिमीटर खडी, थोडे दगड. प्रत्यक्षात २४ लिटरच्या आसपास पाणी मावतं. औषध, खत, माशांची संख्या, सगळं या २४ वर मोजायचं, खोक्यावरच्या ३० वर नव्हे. या उंचीला ५ मिलिमीटर काच पुरते. सांधे पाहताना सिलिकॉनमध्ये बुडबुडे किंवा तुटलेली रेघ दिसली तर टाकी परत करा. भरल्यावर एकूण वजन ३५ ते ४० किलो होतं, म्हणून हलकं टेबल किंवा भिंतीतली फळी चालत नाही. वरखाली प्लॅस्टिकची किनार नसलेली टाकी असेल तर खाली ५ मिलिमीटरची फोमची चटई लागते, नाहीतर तळाच्या काचेला एकाच बिंदूवर ताण येतो. किनारवाल्या टाकीत तळ वर उचललेला असतो, तिथे चटई घालू नये. ॲक्रिलिकची टाकी हलकी आणि स्वच्छ दिसते, पण शेवाळ घासताना एक खडा स्पंजात अडकला की ओरखडा कायमचा. काचच घ्यावी.

झाकण हवंच. फायटर (बेट्टा) आणि रासबोरा हे दोन्ही लहान मासे उडी मारतात, आणि बहुतेक किटांत फिल्टरसाठी ठेवलेली मागची फट गरजेपेक्षा मोठी असते. तेवढी फट जाळीने बंद करा.

आता फिल्टर. परीक्षणाचा खरा विषय हाच. मागे लटकवायचा पंप सहसा दणकट असतो आणि वर्षानुवर्षं चालतो. खोक्यावर ताशी २०० ते २५० लिटर असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा आत काहीही न भरता मोजलेला असतो. स्पंज भरल्यावर आणि थोडा गाळ धरल्यावर प्रवाह निम्म्यावर येतो. २४ लिटरला तासाला चार-पाच वेळा पाणी फिरणं पुरेसं, त्यामुळे इथे तक्रार नाही. तक्रार आहे ती कार्ट्रिजबद्दल. प्लॅस्टिकच्या चौकटीवर पातळ कापड आणि आत मूठभर सक्रिय कोळसा, आणि सूचना काय, तर दर महिन्याला फेकून नवं लावा. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात, आणि या टाकीत त्यांचं सगळ्यात मोठं घर म्हणजे तेच कापड. ते फेकलं की त्यांचा मोठा हिस्सा कचऱ्यात जातो. अमोनिया चढतो, पाणी दुधाळ होतं, मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. माणूस घाबरून आणखी पाणी बदलतो, पुन्हा नवं कार्ट्रिज लावतो, आणि चक्र तिथेच फिरत राहतं.

उपाय सोपा आहे. कार्ट्रिजच्या जागी जाड छिद्रांचा स्पंज कापून बसवा, म्हणजे इंचाला ३० च्या आसपास छिद्रं असलेला. त्यामागे जाळीच्या पिशवीत सिरॅमिकच्या नळ्या. कोळसा लागतो तो औषध दिल्यानंतर पाण्यातून काढायला किंवा लाकडाचा पिवळेपणा घालवायला, एरवी नाही. स्पंज दोन-तीन आठवड्यांनी टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून परत बसवा, नळाखाली धरू नका. स्पंज फाटेपर्यंत बदलायची गरज नसते. कोळंबी किंवा पिल्लं ठेवणार असाल तर शोषणाऱ्या नळीच्या तोंडावरही स्पंजाची टोपी लागते. फायटरला जोराचा प्रवाह सोसत नाही, त्याचे लांब पर त्याला ढकलत नेतात. पडत्या पाण्याखाली स्पंजाचा तुकडा अडकवला की प्रवाह मोडतो.

या फिल्टरची आणखी एक खोड माहीत हवी. पाणी आटून ३-४ सेंटिमीटर खाली गेलं की धबधब्याचा आवाज येतो. तो सहन होईल, पण त्या पातळीला वीज जाऊन परत आली तर पंप पाणी ओढू शकत नाही आणि कोरडाच फिरत जळतो. म्हणून पातळी भरलेली ठेवा. वीज बराच वेळ गेली असेल तर फिल्टर सुरू करण्याआधी स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून घ्या. बंद डब्यात प्राणवायू संपून जिवाणू मरतात आणि ती घाण एकदम टाकीत येते. जिथे वीज नियमित जाते तिथे आमची पसंती या फिल्टरला नसून एअर पंपावर चालणाऱ्या साध्या स्पंज फिल्टरला आहे. बॅटरीवरचा एअर पंप त्याला लगेच जोडता येतो. नळीत एकदिशा व्हॉल्व्ह जरूर घाला. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर तो बंद पडताच पाणी उलटं पंपात उतरतं. आणि प्रत्येक वायर प्लगच्या खालून वळण घेऊन वर जावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी वळणावर थेंबथेंब पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

हीटर साधारण २५ वॅटचा आणि तापमान ठरवून दिलेला असतो. लिटरला एक वॅट हे प्रमाण बरोबर आहे. अडचण अशी की आतला स्विच खराब झाला की बहुधा चालू अवस्थेतच अडकतो, आणि २४ लिटर पाणी तापायला वेळ लागत नाही. वेगळा थर्मामीटर हीटरच्या विरुद्ध कोपऱ्यात लावा आणि रोज बघा. पाणी बदलताना हीटरचा प्लग काढून दहा मिनिटं थांबा. तापलेली काच हवेत उघडी पडून वर गार पाणी आलं की तडकते. खोलीचं तापमान वर्षभर २४ अंशांच्या वर राहत असेल तर हीटर खोक्यातच राहू दे. तिथे खरा प्रश्न उन्हाळ्याचा. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. तापलेल्या पाण्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते. पृष्ठभागावर लहान पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकू नका, तापमान झटक्यात पडतं.

दिव्याला टायमर नसेल तर साधा प्लगचा टायमर घ्या. पहिला महिना सहा तास, नंतर झाडं वाढायला लागली तर आठपर्यंत. पहिल्या काही आठवड्यांत काचेवर आणि पानांवर तपकिरी भुकटीसारखा थर येतो. तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो, पुसला की निघतो आणि टाकी मुरली की आपोआप कमी होतो. त्यासाठी औषध घालू नका, आणि ‘शेवाळ खाणारा’ म्हणून विकला जाणारा प्लेको मासा तर मुळीच आणू नका. तो वाढून फूटभर आणि त्याहून मोठा होतो. त्याच्या जातभाईंना लोकांनी नद्या-तळ्यांत सोडल्याने अनेक देशांत स्थानिक मासळीचं नुकसान होतं आहे. टाकीतला कुठलाही जीव किंवा झाड बाहेरच्या पाण्यात जाता कामा नये.

रंगीत खडे बाजूला ठेवा. पिशवीत दीड-दोन किलो असतात, त्याने जेमतेम सेंटिमीटरभर थर होतो. झाडांना ४ सेंटिमीटर लागतात, म्हणजे या टाकीला ६ किलो. दोन-तीन मिलिमीटरची नैसर्गिक खडी घ्या आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, साबण न लावता. खडीवर किंवा दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करत राहील.

औषधाच्या बाटलीवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. साधं सोडियम थायोसल्फेट क्लोरीन घालवतं. पण पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन असेल तर ते तुटून अमोनिया मोकळा होतो, तिथे अमोनिया बांधून ठेवणारं औषध हवं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडतं, क्लोरामाइन जात नाही. नळाचं पाणी थेट टाकीत भरत असाल तर मात्रा पूर्ण टाकीच्या पाण्याची घ्यायची, नुसत्या नव्या पाण्याची नाही.

किटबरोबर तपासणीच्या पट्ट्या आल्या तर त्यांच्यावर विसंबू नका, बहुतेक पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो. थेंबांचा संच वेगळा घ्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच. या सगळ्या खरेदीत सर्वांत उपयोगी वस्तू तीच. नायट्रेटची दुसरी बाटली वापरण्याआधी निदान अर्धा मिनिट जोरात हलवा, तळाशी बसलेली पूड मिसळली नाही तर आकडा खोटा कमी येतो. अमोनियाचा आकडा पीएचशिवाय वाचू नये. २६ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियातला विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे एकच आकडा एका टाकीत चालून जाईल आणि दुसऱ्या टाकीत मासे मारेल.

आता खोक्यावरचं वेळापत्रक. ‘२४ तासांनी मासे सोडा’ ही ओळ या मालातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. २४ तासांत पाणी कोमट होतं आणि क्लोरीन जातं, जिवाणू मात्र तयार होत नाहीत. टाकी मुरायला, म्हणजे शौकिनांच्या भाषेत सायकल व्हायला, चार ते सहा आठवडे लागतात. ते माशांशिवाय करावं. शुद्ध अमोनियम क्लोराइड १० ग्रॅम घेऊन एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. या द्रावणाचे १५ मिलिलिटर २४ लिटर टाकीत घातले की अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम होतो. पाणी २७-२८ अंशांवर, फिल्टर दिवसरात्र चालू, दर दोन दिवसांनी तपासणी. आधी अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. तेव्हा पुन्हा तीच मात्रा द्या, पण अमोनिया शून्यावर आल्यावरच. मधल्या काळात नायट्राइट बराच वेळ वरच राहतं आणि इथे बहुतेकांचा धीर सुटतो. मग तेही पडतं. दिलेल्या पूर्ण मात्रेचा अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्य झाले की टाकी तयार. त्या दिवशी ७०-८० टक्के पाणी बदलून साठलेलं नायट्रेट काढा, तापमान उतरवा आणि मासे आणा.

मध्येच सगळं थांबल्यासारखं वाटलं तर केएच, म्हणजे पाण्यातल्या क्षारतेचं माप, तपासा. हे जिवाणू काम करताना पाण्यातली क्षारता खातात. मऊ पाण्यात केएच ३ च्या खाली गेला की पीएच घसरतो आणि काम मंदावतं. थोडं पाणी बदललं की पुन्हा सुरू होतं. बाटलीबंद जिवाणूंचा भरवसा ती बाटली कशी साठवली त्यावर असतो. घातल्यावर अमोनिया खरंच उतरतो का, एवढीच त्यांची परीक्षा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे निरोगी जुन्या टाकीतला वापरातला स्पंज. तो आपल्या फिल्टरमध्ये ठेवला तर सहा आठवड्यांचं काम पुष्कळ लवकर होतं. मात्र त्या टाकीत रोग असेल तर तोही सोबत येतो.

झाडं पहिल्या दिवसापासून लावा, आणि भरपूर. १८५० मध्ये लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून जीव आणि झाडं यांचा समतोल टिकतो हे दाखवलं होतं. आजची झाडांची टाकी त्याच तत्त्वावर उभी आहे, कारण झाडं अमोनिया थेट वापरतात. या किटच्या दिव्यात अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरीन आणि तरंगणारी साल्व्हिनिया व्यवस्थित वाढतात. गालिच्यासारख्या पसरणाऱ्या जाती या दिव्यात जगत नाहीत, खोक्यावर फोटो असला तरी. अनुबियास आणि जावा फर्नचा आडवा जाड कंद खडीत पुरला की कुजतो, तो दोऱ्याने दगडाला बांधा. क्रिप्टोकोरीनची पानं लावल्यावर विरघळून गेली तर उपटू नका, मूळ जिवंत असतं आणि नवी पानं येतात. कोळंबी आणणार असाल तर नवी झाडं आठवडाभर वेगळ्या पाण्यात, पाणी बदलत ठेवा. रोपवाटिकेतल्या कीटकनाशकाचा अंश माशांना कळतही नाही, कोळंबी मात्र त्याने मरते. तांबं असलेल्या औषधाचंही तसंच.

आणि या २४ लिटरमध्ये ठेवायचं काय? एक नर फायटर आणि एखादी नेराइट गोगलगाय. किंवा आठ-दहा एम्बर टेट्रा. किंवा तेवढेच चिली रासबोरा, पाणी मऊ असेल तर. किंवा दहा-पंधरा चेरी कोळंबी, ज्या महिन्या-दोन महिन्यांत स्वतःच संख्या वाढवतात. यातलं एकच निवडा. फायटर आणि कोळंबी एकत्र ठेवली तर पिल्लं वाचत नाहीत. गोल्डफिश इथे नको, मग खोक्यावर चित्र त्याचं का असेना. लांब शेपटीचे प्रकारही १५ सेंटिमीटरच्या पुढे जातात, साधा गोल्डफिश त्याच्या दुप्पट होऊ शकतो, आणि तो खूप खातो, त्या प्रमाणात अमोनियाही खूप सोडतो. गप्पींची जोडी गोड दिसते, पण मादी दर महिन्याला पिल्लं टाकते. ती कोणाला द्यायची हे आधी ठरलं नसेल तर आणू नका.

सोबत आलेलं खाद्य चालतं, फक्त डबी उघडल्यावर काही महिन्यांत संपवा, जीवनसत्त्वं उडतात. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. उरलं तर सायफनने काढा. आठवड्यातून एक दिवस उपास दिला तर काही बिघडत नाही. दर आठवड्याला ६-७ लिटर पाणी बदला, तापमान हाताला सारखं लागेल असं. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या वर जात असेल तर मासे जास्त आहेत किंवा खाद्य जास्त आहे.

नवीनच किट घ्यायला हवं असंही नाही. सोडून दिलेल्या छंदाच्या टाक्या सहज मिळतात, आणि टाकी व पंप हेच या मालातले चांगले भाग असल्याने वापरलेलं घेण्यात तोटा नाही. घेताना कोपऱ्यांतलं सिलिकॉन नखाने दाबून बघा. सुटत असेल तर सोडून द्या. काचेवरचा पांढरा थर व्हिनेगरने निघतो, साबण वापरू नका. मग वर्तमानपत्र अंथरून त्यावर टाकी ठेवा, काठोकाठ भरा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. कागद कोरडा राहिला तर खडी धुवायला घ्या. हीटर मात्र नवाच घ्या.